सात नंबरचं वचन

रवळनाथाच्या देवळात बुधाजी परब गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, आणि भाई कोचरेकरांनी चपला बाहेर काढल्यात ना, याची मी पुन्हा एकदा खात्री करून घेतली. मागच्या निवडणुकीत ते बोलण्याच्या नादात चपलांसकट सभामंडपात शिरले होते आणि साडेतीनशे मतांनी पडले होते. गावात अजूनही लोक या दोन गोष्टींचा संबंध लावत. मी तालुका सचिव, तेव्हा चपला ही माझी जबाबदारी होती.

आमच्याकडे प्रचाराचा नारळ फुटायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, मोठ्याने देवाला सगळ्यांचं मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. बुधाजींचा आवाज सत्तरीतही खणखणीत होता. भाईंना यश दे, आड येणाऱ्यांची तोंडं बंद कर, पोरांना नोकऱ्या दे, असं सगळं ओळीने झालं. मग त्यांनी पुढे बसलेल्या काजू बागायतदारांकडे पाहिलं.

"बागायतदाराच्या बियेक चांगलो दर गावांदे म्हाराजा. भायरची बी हंय येवंक नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

डाव्या अंगाला खांबाजवळ काजू कारखान्यातल्या बायका उभ्या होत्या. अर्ध्या तासाची सुट्टी काढून आल्या होत्या. त्यांच्यातली एक बुधाजींच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलली. बुधाजींनी मान हलवली आणि त्याच सुरात पुढे चालू केलं.

"कारखान्याक बारा म्हयने भायरची स्वस्त बी गावांदे म्हाराजा. बायकांचो रोजगार चालू ऱ्हवांदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बागायतदारही म्हणाले. मीही म्हणालो.

कानाशी बोललेली ती बाई म्हणजे माझी वहिनी, शेवंती. आणि पुढच्या रांगेत बसलेल्या बागायतदारांत तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ वासुदेव. मी त्या दोघांकडेच राहायचो. लग्न झालं नव्हतं, पक्ष पगार देत नव्हता, आणि वहिनी ताट वाढताना कधी तोंड वाकडं करत नव्हती.

आमच्या घरातलं काजूचं प्रकरण एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. दादाची डोंगरावर काजूची तीनशे झाडं. मार्च ते मे बी पडायची, ती तो उमाकांत शेठच्या कारखान्यात घालायचा. वहिनी त्याच कारखान्यात बी फोडायची. पायाने मशीन दाबायचं, हाताने बी फिरवायची आणि आतला गर अख्खा बाहेर काढायचा. तुटला की किंमत निम्मी. वहिनीचा गर तुटत नसे. टरफलातल्या चिकाने तिची बोटं काळी पडलेली आणि कातडी सोललेली असायची. राख लावून ती काम करायची आणि घरी येऊन त्याच हातांनी भाकऱ्या थापायची.

पण गावची बी शेठला जेमतेम तीन महिने पुरायची. उरलेले नऊ महिने कारखाना आफ्रिकेतल्या बीवर चालायचा. ती बोटीने यायची, पोत्यांवर कुठल्या कुठल्या देशांची नावं असायची, आणि ती आमच्या बीपेक्षा स्वस्त पडायची. ती येते म्हणून दादाचा दर पडायचा आणि ती येते म्हणूनच वहिनीला पावसातही काम असायचं. सरकारने परदेशी बीवर कर वाढवला तर दादाचं भलं होणार होतं आणि काढून टाकला तर वहिनीचं. दोघं एकाच चुलीवरचं जेवत होते.

त्या दिवशी देवळातून आल्यावर मी ओटीवर बसून तालुक्याचा वचननामा लिहायला घेतला. मला सचिव केलं होतं ते अक्षर चांगलं म्हणून, अक्कल होती म्हणून नव्हे. अर्थकारणाचं माझं शिक्षण बुधाजींच्या गाऱ्हाण्यांपलीकडे नव्हतं. गाऱ्हाण्यात कोणाला वगळायचं नसतं, कोणी राहिलाच तर तो पुढे येऊन सांगतो आणि बुधाजी त्याचंही घालतात. देवाची काही तक्रार नसते. मी त्याच चालीवर सात नंबरचं वचन लिहिलं: "काजू बागायतदारास परदेशी बीच्या आक्रमणापासून संपूर्ण संरक्षण, व काजू कारखान्यांस जगातील सर्व बाजारांतून स्वस्त बीचा अखंड पुरवठा."

भाईंनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. समोरच्या पक्षाचा वचननामा चार दिवसांनी आला. त्यातही हेच वाक्य होतं, फक्त कारखाना आधी आणि बागायतदार नंतर. त्यांनी माझं चोरलं असं मी सगळीकडे सांगत फिरलो. खरं म्हणजे त्यांचा सचिवही आमच्याच देवळात वाढलेला होता.

वहिनीने मात्र छापलेला कागद घडी घालून कारखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत तिने तो साठ बायकांना वाचून दाखवला. त्यांच्या कामाबद्दल कोणी काही छापल्याची ती पहिलीच वेळ होती, असं ती मला संध्याकाळी म्हणाली. त्या दिवशी तिने माझ्यासाठी घावन केले होते.

भाई निवडून आले. चांगल्या दोन हजारांनी आले. आमचा पक्ष सत्तेत बसला, दिल्लीतही आमचेच मित्र बसले होते. आणि डिसेंबरात मुंबईहून पक्षाच्या आर्थिक धोरण समितीचं बोलावणं आलं. दिल्लीला अर्थसंकल्पाआधी मित्रपक्षांचं म्हणणं हवं होतं, कोणत्या परदेशी मालावर कर वाढवायचा आणि कोणत्या मालावर कमी करायचा. कोकणातून काजूसाठी भाईंनी यावं, असं पत्र होतं.

घरात त्या रात्रीचं जेवण शांतपणे झालं नाही. दादाचं म्हणणं, बागायतदार संघाचे चार जण भाईंच्या गाडीतून चाललेत, यंदा कर वाढवूनच परत यायचं. वहिनीने भात वाढता वाढता विचारलं, की मग कारखान्यातलं कोण चाललंय. कोणीच चाललं नव्हतं. शेठचा माल बोटीवर चढवायची तारीख जवळ आली होती आणि एक दिवस खाडा केला तर आठवडाभर कामावर घेत नव्हते.

"दर वाढलो तर तो तुझ्याच घरात येतलो मां?" दादा म्हणाला.

"तुमचो दर वर्साक तीन म्हयने," वहिनी म्हणाली. "माझो पगार बारा म्हयने."

दादा हात धुवायला उठला. त्यांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण त्या घरात पगार हा शब्द ताटावर निघालेला मी पहिल्यांदाच ऐकला. वहिनी माझ्याकडे वळली.

"भावजीनु, तुमी मुंबैक जातास तर आमचा पण सांगा. तुमीच लिवलास, तेव्हा तुमका ठावक आसा."

मी सांगतो म्हणालो. आणि खरंच सांगणार होतो, यात काही खोटं नव्हतं.

मुंबईत पक्षाच्या कार्यालयात चौथ्या मजल्यावर एक थंडगार खोली होती. समितीचे अध्यक्ष निंबकर साहेब म्हणजे निवृत्त सनदी अधिकारी, गोरे, बारीक, आवाज कधी न चढवणारे. त्यांच्यासमोर एक मोठा तक्ता होता. डावीकडे मालाची नावं: पामतेल, सुपारी, रबर, सूत, सफरचंद, काजू बी, अशी चाळीस. उजवीकडे दोन रकाने: कर वाढवावा, कर कमी करावा. प्रत्येक नावापुढे एकाच रकान्यात खूण करायची होती.

आमच्या आधी सुताची माणसं आत होती. सूत विणणारे आणि सूत काढणारे एकाच पक्षाचे आणि एकाच गावचे होते, आणि खोलीबाहेर येऊन ते एकमेकांशी बोलत नव्हते. मला तेव्हाच परत फिरावंसं वाटलं.

आत गेल्यावर बागायतदार संघाचे चौघं पहिल्या रांगेत बसले. त्यांनी आकडे आणले होते. आमच्या मतदारसंघात काजूची अकरा हजार घरं आहेत, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. निंबकरांनी सगळं लिहून घेतलं, चहा मागवला, आणि मग आमचा वचननामा काढला.

"हे सात नंबरचं कोणी लिहिलं?"

भाईंनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"सुंदर मराठी आहे," निंबकर म्हणाले. "पण यातली एक मागणी ठेवायची तर दुसरी काढावी लागते. तुम्ही दोन्ही दिल्यात. मी दिल्लीला काय कळवू?"

मी म्हणालो, आमच्याकडे दोन्ही लोक आहेत.

"सगळ्यांकडेच दोन्ही आहेत. मला लोक विचारतात, तुमचा पक्ष जागतिकीकरणाच्या बाजूचा की विरोधातला. मी काय सांगणार? सुपारीत आम्ही विरोधात आहोत, पामतेलात बाजूने आहोत. या ओळीत तुम्ही कोण आहात, तेवढं सांगा."

मी बायकांचं सांगायला सुरुवात केली. साठ बायका आमच्या गावात, तालुक्यात सगळे कारखाने मिळून नऊशे, पावसात दुसरं काम नाही, एवढं मी बोललो. बागायतदारांपैकी एकाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू दादाचीच झाडं तोडायला निघालोय. निंबकरांनी नऊशे हा आकडा अकरा हजारांच्या खाली लिहिला. त्यातल्या कोणी आल्या आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. का आल्या नाहीत, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात भाईंना मंत्र्यांकडून निरोप आला. ते उठले.

"दिगंबरा, तूच लिवलंस, तूच निस्तर," असं हसत म्हणून ते निघून गेले. आमचं काम पाच मिनिटांत आटोपलं आणि खूण कर वाढवण्याच्या रकान्यात पडली.

परतताना गाडीत चौघांनी पनवेलला मिसळ खाल्ली आणि मलाही खायला लावली. मी एवढंच म्हणत राहिलो, की कागद मुंबईहून दिल्लीला जाणार, तिथे अजून वीस पक्षांचे कागद असणार, आपल्या खुणेला कोण विचारतो. कोणी माझं ऐकत नव्हतं, कारण ते खुशीत होते.

घरी वहिनी ओटीवरच उभी होती. तिने विचारायच्या आधीच मी सांगितलं, की मी तुमचं सगळं मांडलं, साठ बायका, पावसातलं काम, सगळं. पण वरच्यांनी ठरवलं.

"तुमी मांडलात मां?" तिने विचारलं.

"मांडलंय."

"मग झाला," असं म्हणून ती पाणी आणायला आत गेली.

फेब्रुवारीत कर वाढला. दादाने पेढे वाटले. त्या मोसमात बीला खरोखरच बरा दर मिळाला आणि दादाने वहिनीला पातळ आणलं. वहिनी ते नेसली.

जूनमध्ये उमाकांत शेठने कारखान्यातल्या बायकांना आवारात बसवलं आणि समजावून सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं, वाढलेला कर भरून बाहेरची बी आणणं परवडत नाही. तिकडच्या देशांत आता मशीनवर फोडलेला गर तयार मिळतो, आणि घेणारे तो घेतायत. गावची बी संपली की कारखाना बंद, आणि पुढच्या वर्षी तीन महिन्यांसाठी उघडणंही जमेल असं वाटत नाही. बायकांनी ऐकून घेतलं. एकीने विचारलं, की आम्ही कमी पगारावर केलं तर? शेठने नाही म्हणून मान हलवली आणि तो स्वतःच रडायला लागला, असं वहिनीने सांगितलं. मग बायकांनीच त्याला पाणी दिलं.

मी भाईंकडे गेलो. भाई तोवर राज्यमंत्री झाले होते, खातं मत्स्यव्यवसायाचं. त्यांनी मला बसवून घेतलं, माझ्यासमोर दोन फोन केले. एकाने सांगितलं की हा विषय दिल्लीचा आहे. दुसऱ्याने सांगितलं की दिल्लीचाही पूर्णपणे नाही, बाहेरच्या देशांशी करार असतात. मी निंबकरांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. समितीचं काम संपलं आहे, आपल्या भावना समजू शकतो, असं त्यात होतं. समोरच्या पक्षाच्या सचिवालाही मी जाऊन भेटलो, माझी लाज बाजूला ठेवून. तो म्हणाला, आम्ही सत्तेत असतो तर आम्हालाही एकच खूण करावी लागली असती, तू कशाला जीव जाळतोस.

कारखान्याचा शेवटचा दिवस होता आषाढातला. आदल्या संध्याकाळी वहिनी मला म्हणाली, उद्या चारला आवारात या, बायकांनी बोलावलंय. मला वाटलं, जाब विचारणार. खरं सांगतो, मला बरं वाटलं. कोणीतरी विचारावं असं मला डिसेंबरपासून वाटत होतं.

गेलो तर आवारात ताडपत्री बांधलेली. मधोमध एक खुर्ची. बायका धुतलेली लुगडी नेसून बसलेल्या. मला खुर्चीत बसवलं तोवर माझ्या काही ध्यानात आलं नव्हतं. मग एका म्हातारीने तबक आणलं, त्यात शाल आणि नारळ होता, आणि मला कळलं की हा माझा सत्कार आहे.

वहिनी बोलायला उभी राहिली. चार माणसांत ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं, ते तिने पदरात गुंडाळून घेतले.

"आमी इतकी वर्सा बी फोडली, पण आमी आसव ह्या कोणाक ठावक नव्हता," ती म्हणाली. "आमच्या भावजींनी आमचा छापून आणल्यानी. मुंबैत जाऊन आमच्यासाठी भांडले. वरच्यांनी आयकल्यानी नाय, तेका ते काय करतले? कारखानो गेलो तो जावंदे. पण आमका कोणी विचारूक नाय, असा आमी म्हणूचा नाय."

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आता मुंबईत त्या चौथ्या मजल्यावर खरं काय झालं होतं ते सांगतो. भाई गेल्यावर निंबकरांनी खूण केली नाही. त्यांनी तक्ता फिरवून माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःचं पेन उघडून माझ्या हातात दिलं. "तुमच्या गावचं तुम्हाला जास्त कळतं," ते म्हणाले, "तुम्ही कराल ती खूण मी ठेवीन. रिकामं ठेवलंत तरी चालेल, मी तसंच कळवीन." माझ्या मागे चार माणसं बसली होती. त्यांच्याबरोबर मला दहा तास त्याच गाडीतून परत जायचं होतं, पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच दारात उभं राहायचं होतं. बायका तिथे नव्हत्या. पहिल्या रकान्यात खूण मी केली. माझं अक्षर चांगलं, खूणही सुबक आली.

त्या खुणेमुळे कर वाढला, की तिच्याशिवायही वाढला असता, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. विचारणार कोणाला? दुसऱ्या वर्षी दादाच्या बीचा दर पुन्हा पडला. गावात कारखाना नाही म्हटल्यावर बाहेरचे व्यापारी टेम्पो घेऊन येत आणि म्हणतील तो भाव होई. वहिनी पहाटेच्या गाडीने गोव्याला जायला लागली, एका हॉटेलात भांडी आणि चादरी. रविवारी घरी असायची. मला अजूनही तीच ताट वाढायची.

पण त्या दुपारी मी खुर्चीत बसलेला होतो आणि बायका माझ्याकडे बघत होत्या. मला उठून सांगता आलं असतं. मी तसा उठलोही. म्हातारीला वाटलं मी शालीसाठी उठलो, तिने पुढे होऊन ती माझ्या खांद्यांवर घातली. तिची बोटं माझ्या मानेला लागली, खरखरीत आणि गरम. मग मागून कोणीतरी म्हणालं, भावजी दोन शब्द बोलतील.

मी दहा मिनिटं बोललो. चांगलं बोललो, मला ते येतं. सारं जग आता एक बाजार झालंय, त्याच्या रेट्यापुढे सरकारचंही काही चालत नाही, मग आपल्यासारख्या लहान माणसांच्या हातात काय असणार, असं मी म्हणालो. वहिनी पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होती.